सेन्सरचे दात काळे का पडतात?

प्रश्न : मी मिरजेत राहतो आणि अर्डुइनो उनो या प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या सर्किट बोर्डावर नुकताच शिकू लागलो आहे. परसातील हळदीच्या वाफ्यात मातीचा ओलावा मोजणारा दोन दातांचा सेन्सर पुरला. परंतु महिन्याभरातच त्याचे दात काळे पडले आणि आकडे भरकटू लागले. माझी जोडणी चुकली का?

उत्तर : जोडणी चुकलेली नसावी. हा सेन्सर मातीतून वीज वाहू देऊन तिचा रोध मोजतो. त्याला ५ व्होल्ट अखंड मिळत राहिल्यास ओल्या मातीत विद्युत अपघटन (विजेमुळे होणारी रासायनिक फोड) होऊन धन बाजूच्या दातावरील तांबे झिजते, आणि खताचे क्षार जितके अधिक तितकी झीज वेगाने होते. म्हणून त्याला वीज बोर्डाच्या एखाद्या डिजिटल पिनवरून (प्रोग्रॅमने चालू-बंद करता येणाऱ्या टोकावरून) द्यावी, तासातून एकदा क्षणभर चालू करून मोजणी घ्यावी आणि लगेच बंद करावी; मात्र त्या पिनवर २० मिलिअँपियरहून अधिक भार टाकू नये. काळा पडलेला सेन्सर घासून पुन्हा वापरू नका. नवा घेताना धारिता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) मोजणारा, ज्याचा धातू मातीला भिडत नाही असा, घ्यावा हे माझे आग्रहाचे सांगणे आहे. तो बसवण्यापूर्वी आपल्याच वाफ्यातील कोरड्या व भिजवलेल्या मातीचे, उनो ज्या ० ते १०२३ च्या पट्टीत मोजणी दाखवतो त्यातील, दोन आकडे वहीत टिपून ठेवा. काळ्या मातीचे आकडे मुरमाड मातीला लागू पडत नाहीत.