टेस्टोस्टेरॉन कमी आलंय, अँजिओप्लास्टी झालेली आहे. इंजेक्शन घेतलं तर हार्टला चांगलं की वाईट?

तुमचं वय 52, एक स्टेंट आहे, फुल बॉडी चेकअपमध्ये टेस्टोस्टेरॉन 268 आलं. जिममधला मित्र म्हणतो इंजेक्शन घे, हार्टसुद्धा मजबूत होईल. मेहुणे म्हणतात, हात लावू नकोस, अटॅक येईल. मी फिजिशियन आहे आणि असे रिपोर्ट घेऊन येणारे पुरुष हल्ली बरेच वाढलेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो. माझ्या मते दोघंही चुकताहेत, पण मेहुणे कमी चुकताहेत.

आधी त्या 268 वर विश्वास ठेवू नका. रक्त किती वाजता दिलंत? हे हार्मोन सकाळी सर्वात जास्त असतं, दिवस चढेल तसं उतरतं. खाऊन गेलात, आदल्या रात्री झोप झाली नाही किंवा नुकताच ताप येऊन गेला, तरी आकडा खाली दिसतो. म्हणून दोन वेगवेगळ्या दिवशी, सकाळी, उपाशीपोटी मोजल्याशिवाय ‘कमी आहे’ असं म्हणायचंच नाही. पोट सुटलेल्या माणसात तर हे हार्मोन रक्तातून वाहून नेणारं प्रथिनच कमी असतं, त्यामुळे एकूण आकडा घसरतो आणि प्रत्यक्ष वापरात येणारं फ्री टेस्टोस्टेरॉन मात्र ठीक असू शकतं. पॅकेजच्या रिपोर्टवर यातलं काही लिहिलेलं नसतं, फक्त लाल अक्षरात ‘लो’.

मेहुण्यांची भीती आली कुठून, तर 2009 साली अमेरिकेत वयस्कर, चालायला त्रास होणाऱ्या पुरुषांवर टेस्टोस्टेरॉन जेलची एक चाचणी सुरू होती. जेल घेणाऱ्या गटात हृदयाच्या तक्रारी इतक्या जास्त दिसल्या की ती मध्येच थांबवावी लागली. पुढे 2013-14 मध्ये तशाच सुराचे आणखी अभ्यास आले आणि 2015 मध्ये तिथल्या एफडीएने, म्हणजे औषधांवर नियंत्रण ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, औषधाच्या माहितीपत्रकात हार्ट अटॅक आणि स्ट्रोकचा इशारा छापायला लावला.

खरं उत्तर मिळालं 2023 मध्ये, ‘ट्रॅव्हर्स’ नावाच्या चाचणीतून. 45 ते 80 वयाचे 5,200 हून अधिक पुरुष, सगळे हृदयरोग असलेले किंवा त्याचा मोठा धोका असलेले, दोनदा मोजून टेस्टोस्टेरॉन 300 च्या खाली आणि लक्षणंही असलेले. म्हणजे जवळपास तुमच्यासारखेच. निम्म्यांना खरं जेल, निम्म्यांना खोटं. सरासरी पावणेतीन वर्षं लक्ष ठेवलं. हृदयविकाराने मृत्यू, अटॅक किंवा स्ट्रोक यांपैकी काहीतरी झालेले पुरुष खऱ्या जेलच्या गटात 7.0 टक्के, खोट्याच्या गटात 7.3 टक्के. फरक नाहीच म्हणा ना. अटॅक वाढले नाहीत, आणि तुमच्या मित्रासाठी महत्त्वाचं म्हणजे कमीही झाले नाहीत.

पण हे अर्धंच झालं. खऱ्या जेलच्या गटात एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाचे ठोके अनियमित होणं, जास्त दिसलं: 3.5 विरुद्ध 2.4 टक्के. फुप्फुसात गुठळी जाण्याचं प्रमाणही थोडं वर होतं. शिवाय निम्म्याहून जास्त लोकांनी औषध मध्येच सोडलं होतं, म्हणून मी या निकालावर डोळे मिटून निर्धास्त होत नाही. 2025 मध्ये एफडीएने हृदयविकाराबद्दलचा इशारा सौम्य केला, पण बीपी वाढतं हा इशारा घालायला सांगितलं.

आणि हे सगळं मोजूनमापून लावलेल्या जेलबद्दल. जिममध्ये टोचली जाणारी मात्रा त्याच्या कितीतरी पट असते. त्याने चांगलं कोलेस्टेरॉल पडतं, हृदयाचा स्नायू जाड होतो, रक्त घट्ट होतं. ट्रॅव्हर्सचा दाखला त्या इंजेक्शनला लावता येत नाही.

मग हृदयरोग्यांमध्ये टेस्टोस्टेरॉन कमी का सापडतं? बऱ्याचदा दोन्हींच्या मागे पोटाची चरबी असते. चरबीतलं एक एन्झाइम टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेन करून टाकतं, तीच चरबी शुगर आणि बीपी बिघडवते. वजन उतरलं की आकडा आपोआप वर येतो, औषधाविना. अर्थात हे हार्मोन अगदीच निर्दोष साक्षीदार नाही. प्रोस्टेट कॅन्सरसाठी ते मुद्दाम दाबलं जातं तेव्हा चरबी आणि शुगर वाढताना आम्ही पाहतो.

तुम्ही लिहिलं नाहीत, पण चेकअपला जाण्याचं कारण लैंगिक अडचण असेल तर तीही बहुतेक वेळा रक्तवाहिन्यांचीच गोष्ट असते. तिथल्या धमन्या हृदयाच्या धमन्यांपेक्षा बारीक, त्यामुळे त्रास आधी तिथे दिसतो. स्टेंट नसलेल्या धाकट्या भावाला हे जरूर सांगा. तुम्ही मात्र परस्पर सिल्डेनाफिल (व्हायग्रातलं औषध) घेऊ नका. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट किंवा त्याच जातीचं कुठलंही औषध (नायट्रेट) घेत असाल तर दोन्ही मिळून बीपी इतकं पडतं की जिवावर बेततं.

दोनदा मोजूनही कमी आलं तर एलएच आणि प्रोलॅक्टिन (मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीची हार्मोन्स), पीएसए (प्रोस्टेटसाठीची रक्ततपासणी) आणि हिमॅटोक्रिट (रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण) करून घ्या, मगच तुमच्या कार्डिओलॉजिस्टला विचारून औषधाचं ठरवा. सुरू केलंत तर हिमॅटोक्रिट नियमित बघायचं, 54 टक्क्यांच्या वर गेलं की औषध थांबवायचं.

आणि रात्री घोरता का, हे घरच्यांना विचारून कळवा. झोपेत श्वास अडकत असेल तर टेस्टोस्टेरॉन कमी दिसायला आणि बीपी चढायला तेवढं कारण पुरतं, आणि त्यावर इलाज होईपर्यंत मी तरी जेल लिहून देणार नाही.