भजनात कीबोर्डवर पासिंग कॉर्ड

भाऊ, पासिंग कॉर्ड म्हणजे दोन कॉर्डच्या (एकत्र दाबलेल्या सुरांच्या) मधात क्षणभर घ्यायचा जोडकॉर्ड. हार्मोनियम पांढरी एकमध्ये, म्हणजे 'सा' सीवर असेल आणि सी मेजरवरून डी मायनरवर जायचं असेल, तर मधात सी शार्प डिमिनिश्ड घे: सी शार्प, ई, जी. आठ मात्रांच्या केहरवा तालात फक्त सातव्या-आठव्या मात्रेला. बास, म्हणजे सगळ्यात खालचा सूर, एकेक पट्टी चढतो, म्हणून कानाला पुढची ओढ लागते. गायक तेव्हा 'सा'वर थांबलेला असेल तर अजिबात नको, सी आणि सी शार्प एकमेकांना चावतात. एफ मेजरऐवजी डी मायनर बिनधास्त चालतो. एफ आणि ए हे सूर दोन्हींत आहेत. आपल्याकडच्या खंजिरी भजनात पासिंग कॉर्ड कडव्यात एकदाच पुरे, नाहीतर मागचे टाळकरी सुरावरून घसरतात. डाव्या हातानं बासचा एकच सूर धर. खाली तीन दाबले की सगळं गढूळ. कॉर्ड बदलताना सस्टेन पेडल (सूर लांबवणारा पायातला पेडल) सोडायचाच.