दुकानाचे कार्ड आणि तीस दिवसांची मुदत

न वापरलेले क्रेडिट कार्ड बंद करावे की तसेच राहू द्यावे, हा प्रश्न आर्थिक सल्ल्यासाठी माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बरेच जण जाता जाता, उठण्याच्या बेतात असताना विचारतात. गेल्या पावसाळ्यात धायरीहून आलेल्या एका शिक्षिका मात्र केवळ त्याच प्रश्नासाठी वेळ ठरवून आल्या होत्या. त्यांची हकिगत त्यांच्या परवानगीने, ओळख पटणार नाही अशा बेताने, येथे देत आहे.

२०१६ मध्ये कपड्यांच्या एका मोठ्या दुकानात खरेदीच्या वेळी मिळालेल्या सवलतीच्या मोहाने त्यांनी त्या दुकानाच्या नावाचे कार्ड घेतले होते. पहिली दोन वर्षे वापरले आणि पुढे ते कपाटातल्या डब्यात पडून राहिले. आता बँकेचा संदेश आला होता की, वर्षभरात कार्डाचा वापर झालेला नाही, तीस दिवसांत आपले उत्तर न आल्यास ते बंद करण्यात येईल. एरवी त्यांनी तो संदेश वाचून सोडून दिला असता, परंतु त्याच महिन्यात त्यांनी पती-पत्नीच्या नावे पन्नास लाखांच्या गृहकर्जासाठी अर्ज केलेला होता आणि शाळेतल्या एका सहकारी बाईंनी ‘कार्ड बंद झाले की सिबिल पडतो’ (म्हणजे उधारी फेडण्याच्या इतिहासावरून माणसाला मिळणारा गुणांक, स्कोअर, खाली येतो) असे सांगून त्यांची झोप उडवली होती. “मॅडम, मी काहीच केले नाही तर चालेल ना? ते आपोआप बंद होईल आणि माझ्या हातून काही चुकले असेही होणार नाही,” असे त्या म्हणाल्या.

या वाक्यातच त्यांची खरी अडचण होती. त्यांचे वडील साताऱ्याकडचे किराणा व्यापारी. दिवाळी पाडव्याला वहीपूजन करण्यापूर्वी गिऱ्हाइकांची जुनी उधारी मिटलेली असावी, असा त्यांचा कटाक्ष असे, आणि ज्याचे खाते उघडे राही त्याचे नाव घरात वेगळ्या आवाजात घेतले जाई. अशा घरात वाढलेल्या माणसाला न वापरलेले कार्ड म्हणजे कुठेतरी उघडे राहिलेले खाते वाटते आणि ते बंद करायचे म्हटले तरी गुन्ह्याची कबुली दिल्यासारखे वाटते. म्हणून त्या संदेश येताच आधी त्या दुकानातच गेल्या होत्या. काउंटरवरच्या मुलाने ‘हे आमच्याकडे होत नाही’ असे सांगून त्यांना परत पाठवले, आणि त्याचे म्हणणे योग्यच होते. कार्डावर दुकानाचे नाव ठळक असले तरी ते देणारी बँक असते. उधारी बँकेची, बिल बँकेचे, आणि लोकांच्या कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या पतमाहिती कंपन्यांना कळवणारीही बँकच. दुकान हा त्या व्यवहारातला केवळ भागीदार असतो.

मी त्यांना सर्वप्रथम त्या कार्डाचे ताजे बिल दाखवायला सांगितले. त्यांनी ते उघडलेच नव्हते, कारण दुकानाच्या जाहिरातींच्या ईमेलमध्ये ते हरवून जात असे. मोबाइलवर शोधले तेव्हा वार्षिक शुल्क ४९९ रुपये आणि त्यावर अठरा टक्के जीएसटी, असे ५८८ रुपये ८२ पैसे देणे निघाले, आणि देय तारीख चारच दिवसांवर होती. येथे त्यांचा ‘काहीच न करण्याचा’ बेत कोसळला. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार वर्षाहून अधिक काळ न वापरलेले कार्ड बँकेने ग्राहकाला कळवून, तीस दिवसांत उत्तर न आल्यास, बंद करायचे असते हे खरे, पण सर्व देणी चुकती असतील तरच. गप्प बसले असते तर कार्ड बंद झाले नसते आणि सहाशे रुपयांच्या आतली रक्कम थकीत होऊन ऐन कर्जाच्या वेळी पतमाहिती कंपनीच्या अहवालात उमटली असती. देय तारखेनंतर तीन दिवसांपेक्षा अधिक काळ उलटल्यावरच बँक थकबाकी कळवू शकते आणि त्यापूर्वी सात दिवसांची सूचनाही द्यावी लागते, परंतु जी व्यक्ती बिलच उघडत नाही तिला ती सूचना तरी कशी दिसणार? पैसे त्यांनी माझ्यासमोरच भरले.

यानंतर बंद करण्याचा मूळ प्रश्न उरला. सहकारी बाईंचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते, फक्त त्यांनी त्यातले कारण सांगितले नव्हते. शिक्षिकेकडे दुकानाच्या कार्डाची मर्यादा ८० हजार आणि नेहमीच्या बँकेच्या कार्डाची १ लाख २० हजार, अशी एकूण दोन लाखांची होती. नेहमीच्या कार्डाचे बिल महिन्याला ४८ हजारांच्या आसपास येत असे, म्हणजे मर्यादेचा वापर चोवीस टक्के. दुकानाचे कार्ड गेले की तेच ४८ हजार १ लाख २० हजारांवर मोजले जाणार आणि प्रमाण थेट चाळीस टक्क्यांवर जाणार. खर्च एक रुपयानेही वाढलेला नसताना कागदावर माणूस अधिक उधारीवर जगतो असे दिसते. स्कोअर सांभाळायचा तर हे प्रमाण तीस टक्क्यांच्या आत ठेवावे, असा सर्वसाधारण सल्ला दिला जातो. जुन्या कार्डाचा इतिहास मात्र बंद होताच पुसला जात नाही, बंद खात्याच्या नोंदी अहवालात पुढे अनेक वर्षे राहतात. लोक त्याचीच भीती जास्त घेतात, पण येथे धोका होता तो वापराच्या प्रमाणाचा.

आणि त्या महिन्यात तो धोका पत्करण्याचे कारण नव्हते. अनेक बँका गृहकर्जाचा व्याजदर स्कोअर पाहून ठरवतात. पन्नास लाख रुपये वीस वर्षांसाठी साडेआठ टक्क्यांनी घेतले तर हप्ता सुमारे ४३,३९१ रुपये येतो आणि ८.६ टक्क्यांनी घेतले तर सुमारे ४३,७०८. महिन्याला तीनशे सतरा रुपये म्हणजे काही मोठी रक्कम नव्हे, परंतु दर तसाच राहिला तर वीस वर्षांत ते सुमारे ७६ हजार होतात. कार्ड तीन महिने सांभाळण्याचा खर्च याच्यापुढे नगण्य होता.

म्हणून आम्ही ठरवले की त्यांनी त्या कार्डावर एक लहानशी खरेदी करावी, बँकेच्या संदेशाला ‘कार्ड चालू ठेवावे’ असे लेखी उत्तर द्यावे आणि बिल पूर्ण भरावे. त्यांच्या यजमानांना हे पटेना. नको असलेली वस्तू टिकवण्यासाठी खरेदी करायची हा उलटा न्याय झाला, असे ते म्हणाले आणि त्यात तथ्य होते. मी त्यांना दुसरा मार्गही सांगितला. नेहमीच्या कार्डाचे बिल तयार होण्याच्या तारखेपूर्वीच वीस हजार भरून टाकले तर बिलात २८ हजारच दिसतात आणि प्रमाण तेवीस टक्क्यांवर राहते, मग दुकानाचे कार्ड आजही बंद करता येते. हा मार्ग अधिक स्वच्छ आहे, पण दर महिन्याला तारीख लक्षात ठेवावी लागते, आणि घरखरेदीच्या धावपळीत ती राहील याची बाईंनाच खात्री नव्हती. त्यांनी १८० रुपयांचे मोजे घेतले.

दसऱ्याच्या आधी दस्त नोंदणी झाली आणि कर्जाची पूर्ण रक्कम विक्रेत्याला मिळाली. त्यानंतर त्यांनी पाडव्याच्या आदल्या आठवड्यात बँकेच्या ॲपमधून कार्ड बंद करण्याची विनंती नोंदवली. त्याआधी साचलेले पॉइंट वापरून टाकले आणि बाकी शून्य असल्याची खात्री केली. कार्ड कात्रीने कापले म्हणजे खाते मिटले असे पुष्कळांना वाटते, म्हणून ही नोंद त्यांना आवर्जून करायला लावली. बँकेला सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करावे लागते, आणि काही देणे नसताना उशीर केला तर दर दिवसाला पाचशे रुपये ग्राहकाला द्यावे लागतात. मध्यंतरी बँकेतून फोन आला आणि कार्ड ‘आजीवन मोफत’ करून देण्याची तयारी दाखवण्यात आली. माझ्या मते ही तयारी काहींसाठी स्वीकारण्याजोगी असते, परंतु जो बिल उघडत नाही त्याला मोफत कार्डही महाग पडते. बाईंनी नम्रपणे नकार दिला आणि पाचव्या दिवशी कार्ड बंद झाल्याचा ईमेल आला.

पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा मिळणारा विनामूल्य अहवाल त्यांनी जानेवारीत मागवला, तेव्हा त्या खात्यापुढे ‘बंद’ अशी नोंद आणि बाकी शून्य होती. त्या अहवालाची छापील प्रत घेऊन त्या मला भेटायला आल्या, तेव्हा बोलता बोलता त्यांच्या मोबाइलवर दुकानाच्या सेलचा संदेश आला आणि त्या एकदम दचकल्या. तो संदेश दुकानाचा होता, बँकेचा नव्हता, आणि तो थांबवण्यासाठी दुकानालाच कळवावे लागणार होते.