रेल्वे इंजिन चालवण्यासाठी परवाना लागतो का, आणि त्याच्या चाचण्या इतक्या काटेकोर का असतात?

ट्रकचालकाला लागतो तसा आरटीओचा परवाना लोको पायलटलाही लागतो का, आणि भरतीच्या चाचण्यांचे निकष कोण ठरवते, असे आपण विचारले आहे. मी नागपुरात लोको निरीक्षक म्हणून काम केले आहे, म्हणून भारतीय रेल्वेपुरते सांगतो.

खिशात ठेवून देशभर वापरता येईल असा परवाना आपल्याकडे नाही. रेल्वे स्वतः सक्षमता प्रमाणपत्र देते, आणि लोको पायलटला कोणते इंजिन कोणत्या मार्गावर चालवता येईल हेही तीच ठरवते. युरोपीय संघाने २००७ च्या निर्देशाने या गोष्टीचे दोन भाग केले: दहा वर्षे मुदतीचा परवाना चालकाचा स्वतःचा, तर मार्ग आणि गाडीचा प्रकार नमूद करणारे प्रमाणपत्र तो जिथे नोकरी करतो त्या कंपनीचे. आपल्याकडे यातला पहिला भाग नाही, दुसरा मात्र चांगलाच कडक आहे.

तो किती कडक आहे हे लर्निंग रोडवरून, म्हणजे आमच्या बोलीतल्या ‘एलआर’वरून, लक्षात येते. नवीन सेक्शनवर गाडी हाती घेण्यापूर्वी लोको पायलटने त्या मार्गाच्या फेऱ्या माहीतगार चालकाबरोबर केलेल्या असाव्या लागतात, आणि त्यांत रात्रीची फेरीही असते. नागपूर ते इटारसी या मार्गावर बैतूलजवळचा घाट येतो. तिथे कोणत्या वळणानंतर सिग्नल दिसतो, उतारावर ब्रेक कुठे लावायचा, न्यूट्रल सेक्शनच्या, म्हणजे वरच्या तारेत वीज नसलेल्या छोट्या टप्प्याच्या, ५०० आणि २५० मीटर आधीच्या पाट्या कुठे आहेत व इंजिनाची वीज तोडण्यासाठी सर्किट ब्रेकर नेमका कुठे उघडायचा, हे सारे डोळ्यांत बसावे लागते. तीन महिन्यांहून अधिक काळ त्या सेक्शनवर गेला नाही, तर जुन्या अनुभवी माणसालाही पुन्हा एलआर करावा लागतो. या नियमाचा कंटाळा करणारे मी पाहिले आहेत, तरी माझ्या मते साऱ्या व्यवस्थेतला सर्वांत शहाणपणाचा नियम हाच.

भरतीच्या अभियोग्यता चाचणीचे मानक लखनौच्या आरडीएसओने, म्हणजे रेल्वेच्या संशोधन व मानक संस्थेने, घडवलेले आहे, आणि आमच्याकडच्या क्लासमधली मुले नेमके तेच चुकीचे समजून घेतात. स्मरणशक्ती, सूचनापालन, एकाग्रता, आकलनाचा वेग आणि खोलीचा अंदाज असे तिचे भाग आहेत. शेवटच्या भागात रचलेल्या विटांचे चित्र देऊन अमुक विटेला किती विटा टेकलेल्या आहेत, असे विचारतात. प्रत्येक भागात किमान ४२ टी-स्कोअर, म्हणजे सरासरीच्या तुलनेत काढलेला गुण, हवा, आणि त्यात कोणत्याही प्रवर्गाला सवलत नाही. टी-स्कोअरमध्ये सरासरी ५० धरलेली असते, त्यामुळे ४२ ही अट वरवर सौम्य वाटते. परंतु एका भागात ७० मिळवून दुसऱ्यातले ४१ भरून निघत नाहीत, कारण एकाग्रता ढळणाऱ्या चालकाची उणीव उत्तम स्मरणशक्तीने भरून निघत नाही. सर्व भागांत उत्तीर्ण झाल्यावरच या चाचणीचे गुण ३० टक्के भाराने गुणवत्ता यादीत धरले जातात. उरलेले ७० टक्के दुसऱ्या टप्प्यातील संगणकीय परीक्षेचे.

नोकरी लागल्यावरही तपासणी सुटत नाही. लॉबीत, म्हणजे चालकांच्या हजेरीच्या कार्यालयात, ड्युटीवर साइन ऑन करताना दारूसाठी श्वासचाचणी होते, वैद्यकीय तपासणी वयाच्या ४५ पर्यंत दर चार वर्षांनी, ५५ पर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी होते, आणि धोक्याचा सिग्नल ओलांडला गेला तर चालकाला तत्काळ गाडीवरून उतरवून चौकशी होते.

आपण स्वतः अर्ज करणार असाल, तर क्लासची फी भरण्याआधी डोळे तपासून घ्या. लोको पायलटसाठीच्या ए-१ या वैद्यकीय श्रेणीत चष्म्याशिवाय दोन्ही डोळ्यांची ६/६ दृष्टी लागते, रंगांधळेपणा चालत नाही, आणि चष्मा घालवण्यासाठी लॅसिक केलेला उमेदवार थेट अपात्र ठरतो.