बिंबाणू गोठतात, साकळतात की त्यांचे पुंजके होतात?

प्रश्न असा आहे : ‘प्रवाहाच्या दाबामुळे अरुंद धमनीत प्लेटलेट गोठतात’ हे वाक्य बरोबर आहे का, आणि तिथे ‘दाब’ म्हटलेल्या इंग्रजी ‘शिअर’ला (shear) मराठीत काय म्हणावे?

‘गोठतात’ खटकते. गोठतो तो द्रव. रक्तासाठी तर साकळणे हे त्याहून नेमके क्रियापद आपल्याकडे आहे, पण तेही इथे बसत नाही. रक्त साकळते तेव्हा त्यात विरघळलेल्या फायब्रिनोजेन या प्रथिनापासून फायब्रिनचे धागे होतात आणि त्यांचे जाळे विणले जाते. बिंबाणू म्हणजे प्लेटलेट मात्र रक्तातल्या २-३ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) सुट्या चकत्या. त्या एकमेकींना चिकटतात तेव्हा कापसाचा किंवा केसांचा होतो तसा पुंजका होतो. ‘गुठळी’ हा शब्द फायब्रिनने घट्ट बांधलेल्या गोळ्यासाठी राखून ठेवावा.

‘दाब’ तर चूकच. दाब भिंतीवर काटकोनात पडतो, शिअर भिंतीच्या कडेने ओढते. त्याचा पारिभाषिक शब्द ‘कर्तन’. कर्तन म्हणजे कापणे, त्यामुळे पेशी कापल्या जातात असा समज होऊ शकतो. पण ‘घसट’ म्हणावे तर सलगीचा अर्थ डोकावतो. म्हणून कर्तनच ठेवावे आणि पहिल्यांदा येईल तिथे उलगडून सांगावे. पत्त्यांच्या कॅटातला वरचा पत्ता सरकवला की खालचे थोडे थोडे घसरतात. रक्ताचे थर तसेच : भिंतीला टेकलेला जवळजवळ स्थिर, मधला सर्वांत वेगवान. लगतच्या दोन थरांच्या वेगांतला फरक भागिले त्यांच्यातले अंतर, हा कर्तन-दर.

नळीचा व्यास निम्मा झाला आणि तेवढेच रक्त जायचे असेल, तर भिंतीलगतचा हा दर आठपट होतो. निरोगी धमन्यांत तो सेकंदाला काही शे ते दीड हजार असतो, फार अरुंद जागी १०,००० च्या पुढे जातो. साधारण ५,००० ओलांडले की व्हॉन विलेब्रँड घटक हे गुंडाळलेले लांबलचक प्रथिन ताणले जाऊन उलगडते आणि त्याच्या झाकलेल्या जागा उघड्या पडतात. तांबड्या पेशी प्रवाहाच्या मध्यभागी राहतात आणि बिंबाणूंना कडेला ढकलतात, त्यामुळे तिथे बिंबाणूंची कमी नसते. वाहता बिंबाणू प्रथिनाच्या त्या उघड्या जागांत अडकतो, सुटतो, पुन्हा अडकतो. या रेंगाळण्यात तो सक्रिय झाला की दुसऱ्या, पक्क्या पकडीने शेजाऱ्याला धरतो. अरुंद भाग संपताच प्रवाह मंदावतो, भोवरे पडतात, आणि पुंजका तिथे जोमाने वाढतो.

तेव्हा वाक्य असे लिहावे : ‘अरुंद धमनीत कर्तन वाढल्याने बिंबाणूंचे पुंजके होतात.’

साकळणे आणि पुंजके होणे यांतल्या फरकामुळे ‘रक्त पातळ करणारी गोळी’ हा शब्दप्रयोगही दिशाभूल करतो. ॲस्पिरिनने रक्त पातळ होत नाही. ते बिंबाणूंचे पुंजके होण्याला आळा घालते. वॉरफेरिन साकळण्याला आळा घालते. पहिल्याला ‘पुंजकारोधी’ आणि दुसऱ्याला ‘साकळरोधी’ म्हटले, तर कोणती गोळी काय करते ते नावातच येते.