राखेच्या खडकातली घरं

प्रश्न : टीव्हीवर तुर्कस्तानातल्या कपाडोकियाची डोंगरात कोरलेली घरं पाहिली. आपल्या वेरूळसारखंच ते काम आहे का? तिथं अजून कोणी राहतं का?
– एक मोसंबी बागायतदार, अंबड (जि. जालना)

उत्तर : तुम्ही पाहिलेला भाग बहुतेक नेवशेहिर प्रांतातला. दोन्हीकडचा खडक ज्वालामुखीचाच, पण जात वेगळी. आपल्याकडं लाव्हा थिजून काळा पाषाण झाला. तो फोडून कैलास लेणं घडवायला आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण पाठीशी लागला. तिकडं ज्वालामुखींची राख थरावर थर साचून टफ नावाचा मऊ खडक झाला. तो साध्या हत्यारानं कोरता येतो आणि हवा लागली की वरून कडक होतो. त्यामुळं राजाची वाट न बघता साध्या शेतकऱ्यानंही घर कोरलं, गोठा कोरला, द्राक्षं तुडवायचा हौद कोरला. कड्यात उंचावर कबुतरांचे कप्पे केले, त्यांची विष्ठा द्राक्षबागेला खत म्हणून घातली. मला तिथल्या चर्चपेक्षा हेच जास्त मोलाचं वाटतं.

चर्चही बघण्यासारखी आहेत, हे खरं. गोरेमेच्या 'काळोख्या चर्च'मध्ये उजेड फार कमी शिरतो, म्हणून भिंतीवरचे रंग टिकले. गोरेमेचा परिसर १९८५ पासून जागतिक वारसा यादीत आहे; वेरूळ त्याआधी दोन वर्षं.

देरिनकुयूला तर जमिनीखाली सुमारे ८५ मीटर खोल गावच आहे. वरच्या मजल्यावर जनावरं, खाली माणसं, हवेसाठी उभ्या विहिरी. वाटेत जात्याच्या तळीसारखा गोल दगड उभा असतो. शत्रू आला की तो आतून ढकलून वाट बंद करायची. बाहेरून तो हलत नाही.

राहण्याचं म्हणाल, तर ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्यातल्या १९२३ च्या लोकसंख्या अदलाबदलीच्या करारानं इथले ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती ग्रीसला गेले. झेल्वे गाव दरडीच्या भीतीनं १९५० च्या दशकात उठवलं. काही घरं अजून वापरात आहेत, बऱ्याच घरांची हॉटेलं झालीत.

तुमच्या कामाची गोष्ट ओर्ताहिसार गावात आहे. भूमध्य समुद्राकाठचं लिंबू ट्रकनं इथं येतं आणि टफमध्ये कोरलेल्या कोठारांत महिनोन्‌महिने राहतं. आत बारा महिने गारवा, त्यासाठी वीज जाळावी लागत नाही. आपल्या पाषाणात हे परवडायचं नाही. पण कधी गेलात, तर गरम हवेच्या बलूनमधून फिरायच्या रांगेत उभं राहण्याआधी ही कोठारं बघा, पेट्या कशा रचतात ते विचारा.