नमुना नऊची नोटीस

मालवण,
शुक्रवार, रात्री

अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज सकाळीच पाहिला, पण आज कोर्टाच्या बोर्डावर माझी सहा कामं होती. शिवाय मोबाइलवर दोन ओळींत उत्तर द्यावं असा तुझा प्रश्न नाही, म्हणून हे पत्र.

सुट्टीत मुंबईचा जनहित कायद्यावरचा तीन दिवसांचा परिसंवाद करू, पुण्याची मूट कोर्ट, म्हणजे काल्पनिक खटल्यावर युक्तिवाद करायची, स्पर्धा करू, की कॉलेजच्या विधी साहाय्य केंद्राबरोबर शिबिराला जाऊ, असं तू विचारतेस. तिन्हीकडे प्रमाणपत्र मिळतं हेही आवर्जून लिहिलंयस. वाचून हसू आलं. माझ्याकडेही अशा प्रमाणपत्रांची एक फाइल आहे. दर पावसाळ्यात तिला बुरशी येते आणि दर दिवाळीला तुझी काकी ती उन्हात घालते.

अशा कुठल्याही कार्यक्रमाबद्दल मी एकच गोष्ट विचारतो. मांडव उतरल्यावर तिथे कोण उरतं? शिबिरात भेटलेला माणूस आठ दिवसांनी परत आला, तर त्याचा कागद कोणाकडे सापडेल?

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. मी दुसऱ्या वर्षाला होतो. देवगड तालुक्यातल्या एका गावात, देवळाच्या सभामंडपात आमचं कायदेविषयक शिबिर होतं. पाहुण्यांना शाल, श्रीफळ झालं. एकाने मोफत कायदेशीर मदतीबद्दलचा संविधानातला 39 क अनुच्छेद घडाघडा म्हणून दाखवला. मी हुंडाबंदीवर बोललो आणि टाळ्याही घेतल्या. चहाच्या वेळी एक म्हातारी माझ्याकडे आली. दुधाच्या रिकाम्या पिशवीत घडी करून ठेवलेला कागद तिने पुढे केला. "बाबा, ह्या काय आसा, वायच बघ."

ती तलाठ्याची नमुना नऊची नोटीस होती, म्हणजे सातबाऱ्यावरची नावं बदलायच्या, फेरफाराच्या, आधी संबंधितांना देतात ती. तिचा नवरा वारला होता, मूलबाळ नव्हतं. दिराने वारस म्हणून फक्त स्वतःचं नाव लावायला दिलं होतं, हिचं गाळून. अशा नोटिशीवर हरकत घ्यायला पंधरा दिवस असतात. त्यातले चार गेलेले होते. मी "बघतो, आजी" म्हटलं आणि कागद माझ्या फाइलमध्ये ठेवला.

मग परीक्षा आली. महिन्याभराने नोट्स शोधताना ती दुधाची पिशवी हाताला लागली. तोवर फेरफार मंजूर झाला होता. एका ज्येष्ठ वकिलांचे पाय धरले, त्यांनी साठ दिवसांच्या आत प्रांताकडे अपील घातलं. तीन वर्षांनी तिचं नाव सातबाऱ्यावर लागलं, पण मधल्या हंगामांतले कलमांचे आंबे दिरानेच उतरवले. म्हातारीने मला कधी बोल लावला नाही. उलट तारखेला येताना माझ्यासाठी सोलं घेऊन यायची. त्या सोलांची कढी माझ्या घशाखाली उतरत नसे.

त्या पंधरा दिवसांत मी एवढंच करायला हवं होतं: साध्या कागदावर हरकत लिहायची, तिचा अंगठा घ्यायचा, तलाठ्याकडे देऊन पोच घ्यायची. नोंद विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत गेली असती आणि दोघांचं ऐकल्याशिवाय मंजूर झाली नसती. त्यासाठी वकिलीची सनद लागत नव्हती. आणखी एक. विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 चा. त्याच्या कलम 12 प्रमाणे कुठल्याही स्त्रीला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. त्या दिवशी व्यासपीठावर हे कुणी सांगितलं नाही. मीही नाही, कारण मला ते ठाऊकच नव्हतं.

म्हणून शिबिराला जरूर जा, पण एक वही घेऊन. प्रत्येक माणसाचं नाव, गाव, कागद कोणता, मुदत कधी संपते, हे लिहून घे. मूळ कागद कधीही ठेवून घेऊ नकोस, फोटो काढ आणि जागच्या जागी परत दे. परतल्यावर ती वही तालुका विधी सेवा समितीकडे ने. समिती कोर्टाच्या आवारातच असते. बरेच विद्यार्थी तिच्या दारावरून रोज जातात आणि आत कधी डोकावत नाहीत. 15100 हा मदतीचा क्रमांक आहे, तो भिंतीवर रंगवून भागत नाही. फोन लावताना शेजारी बसावं लागतं, कारण पलीकडून प्रमाण मराठीत प्रश्न आला की आपली माणसं गप्प होतात.

राष्ट्रीय लोकअदालतीच्या शनिवारी सबंध दिवस समितीत बस. बँकांची वसुली, अपघाताचे दावे, वीजबिलं असलं बरंच तिथे निघतं. तिथल्या निवाड्यावर अपील नाही, ही गोष्ट सही करणाऱ्याला सहीच्या आधी कळलीय का, एवढं बघायला शिक. घाईत ते सांगायचं राहून जातं.

आता जनसुनावणी, म्हणजे एखाद्या प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी देण्याआधी लोकांचं म्हणणं ऐकायची बैठक. किनाऱ्यावर राहून कायदा शिकणाऱ्याने ती पाहिलीच पाहिजे, आणि तुमच्या अभ्यासक्रमात तिला जेमतेम अर्धं पान असतं. 2006 च्या पर्यावरण आघात अधिसूचनेप्रमाणे लोकांना किमान तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते. अहवालाचा सारांश मराठीत ठेवावा लागतो. गणपूर्तीची अट नाही, म्हणजे दहा माणसं आली तरी सुनावणी 'झाली'. आणि शेवटी प्रदूषण मंडळाच्या प्रतिनिधीने इतिवृत्त लोकांना त्यांच्या भाषेत वाचून, समजावून सांगायचं असतं. होतं काय, सकाळी मंडप भरलेला, घोषणा, भाषणं, टीव्हीवाले. चार वाजले की वाडीवाडीची माणसं उठायला लागतात, कारण शेवटची एसटी. वाचन होतं तेव्हा समोर निम्म्या खुर्च्या रिकाम्या. पुढे खटला उभा राहिला की सगळे त्या इतिवृत्तालाच धरून बसतात. मच्छीमार बायका काय बोलल्या ते त्यात आलं नसेल, तर त्या बोलल्याच नाहीत असं धरलं जातं.

तेव्हा विद्यार्थ्यांनी तिथे भाषण करू नये. आदल्या आठवड्यात वाड्यांत जाऊन मराठी सारांश वाचून दाखवावा, ज्यांना बोलायचंय त्यांचं म्हणणं लेखी तयार करून दोन प्रती काढाव्यात, एकीवर पोच घ्यावी, आणि शेवटचं वाचन संपेपर्यंत बसावं. परतीसाठी एक टेम्पो ठरवून ठेवावा. टेम्पो ही यातली सगळ्यात कायदेशीर सूचना आहे, हसू नकोस.

कारागृहाची भेट जमली तर सोडू नकोस, परवानगीसाठी समितीत विचार. फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याचं, म्हणजे नागरिक सुरक्षा संहितेचं, कलम 479 पाठ करून जा. पहिल्यांदाच आरोपी झालेल्याने संभाव्य कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला, की त्याला बंधपत्रावर सोडायची तरतूद त्यात आहे. जन्मठेप किंवा फाशीची शिक्षा असलेले गुन्हे त्यात येत नाहीत, आणि ज्याच्यावर एकाहून जास्त खटले आहेत त्याला हा लाभ नाही. नुसत्या तारखा मांडून बघितल्या तरी एखादा माणूस सापडतो. आपल्याकडे जनहित याचिकेची वाटही तिथूनच निघाली. बिहारच्या कच्च्या कैद्यांची वर्तमानपत्रात आलेली बातमी हाती धरून 1979 मध्ये हुसैनारा खातून प्रकरण उभं राहिलं.

मूट कोर्टाबद्दल थोडक्यात. एकदा कर. उभं राहून बोलायची भीती जाते. वर्षातून तीन करणारी मुलं मात्र न्यायाधीशाशी बोलायला शिकतात आणि पक्षकाराशी बोलायचं विसरतात. परिसंवादाचं म्हणशील तर राहायची सोय असेल तर जा, मुंबईत ओळखी होतात.

आता तुझ्या मनातलं. घरची रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं जाळं, आहे, म्हणून एलईडी दिव्यांनी आणि पर्ससीनच्या मोठ्या जाळ्यांनी मासे उपसणाऱ्यांविरुद्ध जनहित याचिका टाकायचं डोक्यात घेतलंयस. रागाबद्दल मला काही म्हणायचं नाही, तुझ्या आजोबांनी तीस माणसांनी ओढलेलं जाळं रिकामं आलेलं मी पाहिलंय. पण कोर्टापुढे राग ठेवता येत नाही. सागरी मासेमारी नियमनाचा राज्याचा कायदा 1981 चा, त्यात 2021 मध्ये दुरुस्ती झाली, दंड वाढले. तो अमलात येतो का, किती नौकांवर कारवाई झाली, किती दंड प्रत्यक्ष वसूल झाला, हे आधी मत्स्य खात्याला माहिती अधिकारात विचार. दहा रुपये फी. आपल्या राज्याच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय, साधारण दीडशे शब्दांत. तीस दिवसांत उत्तर नाही आलं, तर पहिलं अपील. याचिका नंतरची गोष्ट, आणि ती करायची वेळ आलीच तर आता मुंबई गाठायला नको. 18 ऑगस्ट 2025 पासून सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीची कामं उच्च न्यायालयाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे आहेत.

महाडला 20 मार्चला तू गेली होतीस ना? तळ्यावरचे फोटो पाहिले. 1927 चा सत्याग्रह सगळ्यांना पाठ असतो, पण त्यामागून आलेला दिवाणी दावा फार थोड्यांनी वाचलेला असतो. बाबासाहेबांविरुद्धचा तो दावा दहा वर्षं चालला आणि 1937 मध्ये उच्च न्यायालयात निकाली निघाला. अस्पृश्यांना तळ्यावर येऊ न देण्याची अनादी काळापासूनची रूढी वादींना सिद्ध करता आली नाही. तळं कुणाचं, नोंद काय म्हणते, साक्षीदार किती जुनं सांगू शकतो, यावर सगळी बाजी होती. निकाल शोधून वाच. दोनदा वाच.

बार कौन्सिलच्या नियमाप्रमाणे तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला बारा आठवडे इंटर्नशिप लागते. त्यातले चार माझ्याकडे कर. पैसे फारसे नाहीत, दुपारचं जेवण आमच्याकडे.

सोमवारी ये. कोर्ट उघडायच्या आधी नोटीस बोर्ड वाचायचा असतो, तेव्हा दहाच्या आत पोच. येताना एक वही आण, आणि आईला विचारून घरचा सातबारा. त्यात तुझ्या आजीचं नाव आहे का, ते आधी बघू.

तुझा,
काका